पैसे तर द्यावेच लागतात: एन्रॉन, ॲस्ट्रोज आणि हिवाळ्यात झालेल्या सह्या

[दृश्य: ह्यूस्टन डाउनटाउन. छप्पर बंद असलेलं स्टेडियम, बाहेर शुकशुकाट.]

डिसेंबर २००१, ह्यूस्टन, टेक्सास. बेसबॉलचा सीझन संपलाय. ॲस्ट्रोज नावाची इथली टीम, वर्षभरात ९३ मॅच जिंकली, डिव्हिजन जिंकली, आणि प्लेऑफमध्ये अटलांटा ब्रेव्हजने सलग तीन मॅचमध्ये गुंडाळून घरी पाठवली. मॅनेजर लॅरी डर्करने राजीनामा दिला, नवीन मॅनेजर आला जिमी विल्यम्स. आता एप्रिलपर्यंत मैदानावर काही नाही, जे काही व्हायचं ते ऑफिसात बसून कागदावर.

स्टेडियमवर पाटी आहे, एन्रॉन फील्ड.

आणि २ डिसेंबरला, रविवारी, एन्रॉन या ऊर्जा कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर अमेरिकेत इतकी मोठी दिवाळखोरी झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सोमवारी चार हजारांच्या आसपास लोकांना ऑफिस रिकामं करायला सांगितलं, खोके घेऊन माणसं बाहेर पडतायत असे फोटो जगभर गेले.

आता महाराष्ट्रात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही एन्रॉन म्हटलं की बेसबॉल नाही आठवत, गुहागर आठवतं. अंजनवेल, वेलदूर, दाभोळची खाडी, आणि निवडणुकीच्या सभांमधलं ते "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू". तिथे येऊच आपण. पण आधी बेसबॉलचा हिवाळा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

[दृश्य: रिकामी ड्रेसिंग रूम, लॉकरवरची नावं.]

आपल्याला आयपीएलची सवय. एक ऑक्शन होतं, पर्स ठरलेली, दोन दिवसात सगळं आटोपतं. इथे तसं नाही. ऑक्शन नाही, पगारावर सरसकट मर्यादा नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक टीम एकेका खेळाडूशी स्वतंत्र बोलून तीन वर्ष, पाच वर्ष, दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करते. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू फ्री एजंट, कुठेही जाऊ शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच बाजार चालतो, कोणाला ठेवायचं, कोणाला ट्रेड करायचं, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात खेळाडू घ्यायचे, चाळीस जणांच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, कोणाची जागा काढायची.

आणि ही कॉन्ट्रॅक्ट्स गॅरंटीड असतात. खेळाडू खेळला तरी पैसे, बाकावर बसला तरी पैसे, खांदा निखळून घरी बसला तरी पैसे. टीमने काढून टाकला तरी उरलेला पगार टीमच्याच डोक्यावर. म्हणजे हिवाळ्यात सही करताना तुम्ही खरं तर एक अंदाज विकत घेत असता, की हा माणूस चार वर्षांनीसुद्धा असाच मारेल.

आता हेच वाक्य माणसाच्या जागी वीज प्रकल्प टाकून वाचा.

[दृश्य: अंजनवेलच्या कड्यावरून दिसणारा प्रकल्प, खाली समुद्र.]

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे आपलं जुनं एमएसईबी, आणि एन्रॉन यांच्यात दाभोळच्या या वीज प्रकल्पाचा पहिला करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा पक्का करार. त्यातली मेख अशी की वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल मंडळाने ठरलेली रक्कम द्यायचीच. आपल्या घरच्या बिलावर स्थिर आकार असतो ना, तोच, पण अवाढव्य, आणि डॉलरशी बांधलेला. रुपया पडला की बिल वाढणार, इंधन महागलं की बिल वाढणार. जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितलं होतं की ही वीज महाग पडेल, आणि कर्ज द्यायला नकार दिला होता. म्हणजे धोक्याची घंटा कोणी वाजवलीच नाही असं म्हणायची सोय नाही.

१९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्द केला, मग वाटाघाटी झाल्या आणि समुद्रात बुडवायचा प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन बाहेर आला, दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॉट. स्थानिक लोकांनी, विशेषतः वेलदूरच्या बायकांनी, आंदोलनं केली, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्याच्यावर वेगळी फिल्म व्हायला पाहिजे खरं तर.

पहिला टप्पा, ७४० मेगावॉट, मे १९९९ मध्ये सुरू झाला. नाफ्त्यावर, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणाऱ्या इंधनावर. आणि मग बिलं यायला लागली. काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला, त्या काळात! हे कसं होतं बघा. वीज महाग, म्हणून मंडळ कमी घेतं. कमी घेतली की ती ठरलेली रक्कम कमी युनिटांमध्ये वाटली जाते, म्हणजे युनिट आणखी महाग, म्हणून मंडळ आणखी कमी घेतं. शेवटी मे २००१ मध्ये मंडळाने करारच नाकारला आणि महिनाअखेर प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा जवळपास तयार होता, तो तसाच उभा राहिला.

बरं, हे कोकणातलं भांडण थेट वॉशिंग्टनला पोचलं होतं. २००१ च्या जानेवारीत बुश अध्यक्ष झाले (हे बुश आधी टेक्सास रेंजर्स या बेसबॉल टीमचे एक मालक होते, हे जाता जाता) आणि आल्या आल्या उपाध्यक्ष डिक चेनी यांच्याकडे राष्ट्रीय ऊर्जा धोरण ठरवायचं काम दिलं. चेनींच्या गटाला कोण कोण भेटलं ते सांगायला ते तयार नव्हते, पण एन्रॉनचे चेअरमन केन ले एप्रिलमध्ये चेनींना भेटले हे बाहेर आलंच. मे महिन्यात रिपोर्ट आला. त्यात म्हटलं होतं की पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेला १,३०० ते १,९०० नवीन वीज प्रकल्प लागतील, म्हणजे आठवड्याला एकापेक्षा जास्त. आणि जूनमध्ये सोनिया गांधी अमेरिकेत गेल्या तेव्हा चेनींनी त्यांच्याकडे दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. सोनियाजी तेव्हा विरोधी पक्षनेत्या, पण महाराष्ट्रात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, म्हणून.

वाद कशावर चालला होता ते थोडक्यात. एका बाजूचं म्हणणं, प्रकल्प बांधा, अलास्काच्या अभयारण्यात तेल काढा. दुसरी बाजू म्हणे आधी वापर कमी करा, गाड्या कमी पेट्रोल पिणाऱ्या करा, आणि हा रिपोर्ट लिहिला कोणी ते आधी सांगा. संसदेचं हिशेबतपासणी कार्यालय त्यासाठी कोर्टात गेलं आणि हरलं. कायदा व्हायला २००५ उजाडलं.

[दृश्य: कॅलिफोर्निया, अंधारातले ट्रॅफिक सिग्नल.]

आता एक वर्ष मागे जाऊया, डिसेंबर २०००. मला या सगळ्यातला हा आठवडा सगळ्यात भारी वाटतो.

७ डिसेंबरला कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा वीजटंचाईची सगळ्यात वरची, तिसऱ्या स्टेजची इमर्जन्सी जाहीर केली. बाजार मोकळा करून दर खाली येतील म्हणाले होते, आले उलटे. पुढे जानेवारीत लोडशेडिंग सुरू झालं, सिलिकॉन व्हॅलीच्या राज्यात! एन्रॉनचे ट्रेडर तिथे काय करत होते ते नंतर कागदपत्रांतून कळलं, त्यांच्या युक्त्यांची नावंच फॅट बॉय, डेथ स्टार अशी होती.

आणि ११ डिसेंबरला टेक्सास रेंजर्सने शॉर्टस्टॉप ॲलेक्स रॉड्रिग्जला घेतलं, दहा वर्षांसाठी, २५ कोटी २० लाख डॉलर. तोपर्यंत कुठल्याच खेळात इतकं मोठं कॉन्ट्रॅक्ट कोणी ऐकलं नव्हतं.

पुढे काय झालं? कॅलिफोर्निया सरकार इतकं घाबरलं की त्यांनी स्वतः वीज विकत घ्यायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये भाव चढलेले असताना लांब मुदतीचे करार केले, एकूण ४,३०० कोटी डॉलरच्या आसपास, काही तर वीस वर्षांचे. आणि जूनमध्ये केंद्राने दरांवर लगाम घातला, लोकांनी वापर कमी केला, उन्हाळा तसा सौम्य गेला, भाव धाडकन खाली. जुलैमध्ये तर राज्य सरकार जादाची वीज तोट्यात विकत होतं. टंचाईच्या दिवशी केलेली खरेदी. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना २००३ मध्ये लोकांनी मतदान करून घरी पाठवलं, त्यात वीज हे एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं.

रॉड्रिग्जचं मात्र वेगळंच. तो तीन वर्षांत ५२, ५७ आणि ४७ होम रन (साधारण आपल्या सिक्सरसारखे) मारतो, २००३ ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू होतो, म्हणजे हा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालतोय. आणि टीम? तिन्ही वर्ष डिव्हिजनमध्ये शेवटची. म्हणजे अंदाज बरोबर निघाला तरी एका करारात एवढे पैसे अडकले की बॉलिंग टाकणारी माणसं, पिचर, घ्यायला हात आखडला. २००४ मध्ये त्याला यँकीजला दिलं तेव्हासुद्धा उरलेल्या पगारापैकी ६ कोटी ७० लाख रेंजर्सच भरणार असं ठरलं. २०१० मध्ये रेंजर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा तारण नसलेल्या देणेकऱ्यांच्या यादीत पहिलं नाव रॉड्रिग्जचं, जवळपास अडीच कोटी डॉलर. तो टीम सोडून सहा वर्ष झालेली!

[दृश्य: पुन्हा ह्यूस्टन, २००१-०२ चा हिवाळा.]

तर अशा वातावरणात ॲस्ट्रोजच्या ऑफिसात काय चाललं असेल ते बघा. आधीच्याच हिवाळ्यात त्यांनी दोन मोठ्या सह्या केलेल्या. जेफ बॅगवेल, टीमचा कणा, पाच वर्षांचं ८ कोटी ५० लाखांचं एक्स्टेन्शन. आणि रिचर्ड हिडाल्गो, ज्याने २००० मध्ये ४४ होम रन मारले म्हणून चार वर्षांचे ३ कोटी २० लाख. हिडाल्गोचे पुढच्या वर्षी १९ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी १५. एका चांगल्या वर्षावरून चार वर्षांची रेघ ओढली की हे होतं, वीजवाल्यांचं आणि यांचं दुखणं एकच.

आता समोर मोईझेस अलू. २००१ मध्ये ३३१ ची ॲव्हरेज (बेसबॉलमध्ये हजारातून मोजतात, ३०० म्हणजे उत्तम), २७ होम रन. वय ३५. फ्री एजंट. ठेवायचा का? लोकांना हवा होता. ॲस्ट्रोजने सोडला, शिकागो कब्जने तीन वर्षांचे २ कोटी ७० लाख देऊन घेतला, आणि पहिल्या वर्षी त्याची ॲव्हरेज २७५ वर आणि होम रन १५ वर आले. मला विचाराल तर त्या हिवाळ्यातला ॲस्ट्रोजचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच, जो केला नाही तो. लान्स बर्कमनला सेंटर फील्डला सरकवलं, त्याने २००२ मध्ये ४२ मारले. पण खोटं कशाला बोलू, टीम ८४ विजयांवरच थांबली, प्लेऑफ नाही. अलू पुढे २००४ मध्ये कब्जसाठी ३९ मारून गेला, तर शहाणपणसुद्धा किती वर्षांचं मोजायचं हा प्रश्न राहतोच.

आणि त्या हिवाळ्यातला सगळ्यात विचित्र करार खेळाडूचा नव्हताच, पाटीचा होता. १९९९ मध्ये एन्रॉनने तीस वर्षांसाठी १० कोटी डॉलर कबूल करून स्टेडियमला नाव दिलेलं. कंपनी बुडाली, नाव म्हणजे शिवी झाली, पण हप्ते थकलेले नव्हते, त्यामुळे टीमला करार मोडायला कारणच सापडेना. शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये ॲस्ट्रोजने उलट २१ लाख डॉलर एन्रॉनला दिले आणि आपल्याच मैदानावरची पाटी उतरवून घेतली. दाभोळवर डॉलरशी बांधलेली रक्कम मागणारी कंपनी इथे करारातल्या दुसऱ्या बाजूला बसलेली, आणि तरीही शेवटी पैसे तिलाच मिळाले. कमाल आहे.

बॅगवेलचं राहिलं. खांद्याला संधिवात झाला, २००५ मध्ये जेमतेम ३९ मॅच, २००६ मध्ये शून्य, पगार १ कोटी ७० लाख चालू. टीमने विमा काढलेला होता, दीड कोटीच्या वरचा दावा टाकला, विमा कंपनीने आधी नाकारला, मग वर्षअखेर तडजोड झाली. दाभोळला असा विमा मंडळाकडे नव्हता. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली आणि प्रकल्प तिच्या गळ्यात घातला, पुढे गॅसच पुरेसा मिळेना हे वेगळंच. आणि चेनींचे ते शेकडो प्रकल्प? गॅसवर चालणारे खूप बांधले गेले, मागणी तेवढी आली नाही, कॅलपाइनसारखी मोठी कंपनी डिसेंबर २००५ मध्ये दिवाळखोरीत.

[दृश्य: डाइकिन पार्क, २०२५.]

त्याच स्टेडियमवर मग मिनिट मेडची पाटी आली, आणि १ जानेवारी २०२५ पासून डाइकिन पार्क, हो, तेच एसीवाले. त्याच हिवाळ्यात ॲस्ट्रोजने काइल टकरला कब्जकडे ट्रेड केलं, कारण वर्षभराने तो फ्री एजंट होणार होता आणि त्याचा आकडा परवडणार नाही हे दिसत होतं. ॲलेक्स ब्रेगमन बॉस्टनला गेला. आणि २० जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये ट्रम्पनी राष्ट्रीय ऊर्जा आणीबाणी जाहीर केली. यावेळी आकडे डेटा सेंटरचे आहेत, एआयला एवढी वीज लागेल, तेवढी लागेल, प्रकल्प बांधा, लाइनी टाका.

ओहायोमध्ये मात्र एक गोष्ट झाली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या वीज नियामकाने एईपी ओहायो या कंपनीसाठी नियम घातला, की नवीन मोठं डेटा सेंटर जेवढी वीज लागेल म्हणून मागतंय, त्याच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे त्याने भरायचेच, वापरली नाही तरी, बारा वर्षांपर्यंत. टेक कंपन्या भडकल्या, हे अन्यायाचं आहे म्हणाल्या. गुहागरमध्ये १९९३ ला जे मंडळाकडून लिहून घेतलं होतं, ते इथे गिऱ्हाईकाकडून लिहून घेतलं.