एचआयव्ही पेशीत शिरल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

१९८९ साली म्हापशाला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात डॉमनिक डिसोझा या तरुणाला ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय, तर रक्तदान केलं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला. दाराला कुलूप घातलं की विषाणू अडतो, असा तेव्हाचा कारभार! खरी झटापट चालते ती आपल्या पांढऱ्या पेशीच्या आत. आज तिच्याविषयीच बोलू.

एचआयव्हीकडे जनुकं मोजून नऊ. माणसाकडे वीस हजारांच्या आसपास. तरीही व्हिफ, व्हीपीयू आणि नेफ ही तीन प्रथिनं त्याने मुख्यतः आपले पहारेकरी निकामी करायलाच बाळगली आहेत.

आधी व्हिफ. आपल्या पेशीत अपोबेक-थ्री-जी नावाचं प्रथिन असतं. नवा विषाणू तयार होताना ते गुपचूप त्याच्यात चढून बसतं. तो विषाणू पुढच्या पेशीत शिरून स्वतःच्या आरएनएवरून, म्हणजे त्याच्या जनुकांच्या मजकुरावरून, डीएनए लिहायला लागला, की हे त्या लिखाणातल्या 'सी' अक्षराचं 'यू' करत सुटतं. सगळा मजकूर नासतो आणि विषाणू तिथेच संपतो. व्हिफ अपोबेकला ही संधीच देत नाही. ते त्याला धरून ठेवतं, पेशीतलीच यंत्रणा जवळ ओढतं आणि तिच्याकरवी अपोबेकवर युबिक्विटिनचा शिक्का मारून घेतं. शिक्का बसलेलं प्रथिन मोडीत काढायचं, हा पेशीचा रोजचा साफसफाईचा नियम. त्यामुळे पेशी आपलाच रक्षक आपल्या हाताने मोडते. व्हिफ नसलेला विषाणू काही पेशींत वाढतो आणि काहींत का वाढत नाही, हे कोडं २००२ साली अपोबेक सापडल्यावर सुटलं.

व्हीपीयूचं थोडक्यात. बाहेर पडणाऱ्या विषाणूंना टेथरिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला बांधून धरतं. व्हीपीयू त्या टेथरिनलाच तिथून हटवतं.

नेफ मात्र फार धूर्त. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका जसं घरचं पीक पुढ्यात मांडून बसतात, तशी प्रत्येक पेशी आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर बाहेर मांडते. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी-पेशी तिला संपवतात. नेफ एचएलए-ए आणि बी हे रेणू आत ओढून घेतं. पण सगळेच काढले तर एनके पेशींना, म्हणजे एचएलए न दिसणाऱ्या पेशींना मारणाऱ्या पहारेकऱ्यांना, संशय येतो, म्हणून एचएलए-सीला बहुधा हात लावत नाही. विषाणूला बुद्धी नसते; हे सारं नैसर्गिक निवडीतून घडत आलंय, तरी थक्क व्हायला होतं.

नेफचं वजन ऑस्ट्रेलियात दिसलं. सिडनीत एका रक्तदात्याच्या विषाणूत नेफच्या जनुकाचा भाग गळलेला होता. ते रक्त मिळालेल्यांचा आजार कितीतरी वर्षं पुढे सरकला नाही, जरी काहींच्या पांढऱ्या पेशी पुढे घटल्याच.

आजच्या गोळ्या या तिघांवर चालत नाहीत. त्या मुख्यतः विषाणूचं डीएनए लिहिणं किंवा तो डीएनए आपल्या गुणसूत्रात शिरणं रोखतात. नवे विषाणूच निघाले नाहीत तर पळवाटा कुणासाठी? रक्तातलं प्रमाण तपासणीत सापडेनासं झालं आणि तसंच टिकलं, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण गोळ्या थांबवल्या की पेशींत दडून राहिलेला विषाणू परत उठतो, म्हणून खंड नको. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हे उपचार मोफत मिळतात. कुणाला विचारायचा संकोच वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.