पिंपळे सौदागर: एक तक्ता, दोन प्रश्न

(पडद्यावर: पवनेचा काठ. पलीकडे पंधरा-वीस मजली इमारती.)

पिंपरी-चिंचवडमधलं पिंपळे सौदागर. इथे आज घराचा भाव चौरस फुटावर सांगतात आणि संध्याकाळी हिंजवडीहून सुटलेल्या गाड्यांची रांग चौकाचौकात अडकते. शंभर वर्षांपूर्वी हे जेमतेम शंभर घरांचं शेतकरी खेडं होतं. गावाचा अभ्यास कसा करावा, हे आपल्याकडे ज्या मोजक्या पाहण्यांनी दाखवून दिलं, त्यांतली एक याच खेड्यात झाली. ती १९१७ साली छापली गेली.

पाहणी करणारे होते डॉ. हॅरोल्ड मॅन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. मूळचे इंग्लंडमधल्या यॉर्कचे. याच यॉर्क शहरात सीबोम राउंट्री यांनी घरोघर जाऊन गरिबीची पाहणी केली होती आणि १९०१ साली ती प्रसिद्धही झाली होती. माणसाला नुसतं जगायला काय लागतं, त्याला पैसे किती पडतात आणि घरात येतात किती, असा सरळ हिशेब. मॅन यांनी हीच पद्धत आधी इंग्लंडमधल्या रिजमाँट या खेड्याला लावून पाहिली आणि मग ती दख्खनमध्ये आणली.

दख्खनमध्ये आणली म्हणजे नेमकं कोणी? मॅन यांच्याबरोबर डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हाणे आणि इतर सहकारी होते. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलून कर्ज किती, सावकाराचं व्याज किती, बैल कोणाचा, शेत वाट्याने केलंय की स्वतःचं, हे काढून घेणं हे काम कॉलेजात बसून होत नाही. कर्जाचा आकडा माणूस परक्याला सहजासहजी सांगत नाही. असल्या अभ्यासात ज्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलं जातं त्याच्याइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, श्रेय उंबऱ्यावर बसून विचारणाऱ्याचं असतं.

(पडद्यावर: जुने नकाशे, शेतांच्या वाटणीच्या रेघा, सातबाऱ्याचा उतारा.)

या मंडळींनी जुने कागद काढले, अगदी पेशवाईपर्यंत मागे गेले. १७७१ साली, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या काळात, गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा साडेसतरा एकर. आणि ही पाहणी झाली तेव्हा उरली होती ७ एकर.

ती सातही एकर एका जागी नव्हती. १५६ जमीनमालकांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते.

हे कसं झालं, ते एका वाटणीत शिरून पाहू. समजा दोघे भाऊ आहेत. वडिलांची तीन शेतं. एक विहिरीजवळचं काळं रान, एक मध्यम, आणि एक माळावरचं मुरमाड. मुंबईतल्या कचेरीत बसलेला अधिकारी म्हणेल, एकाने काळं रान घ्यावं, दुसऱ्याने बाकीची दोन, हिशेब जुळवून टाकावा. गावात कोणीही तयार होणार नाही. मुरमाड ज्याच्या वाट्याला गेलं, त्याची पोरं पाऊस उघडला की उपाशी. म्हणून तिन्ही शेतांत मधोमध बांध पडतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, बांधावरच्या आंब्याचेसुद्धा वाटे होतात, आणि कुठली बाजू कोणाची यासाठी पंचांसमोर चिठ्ठ्या टाकतात. पुढच्या पिढीत त्या सहाचे बारा-पंधरा होतात. औत वळवायला जागा राहत नाही, बांधाखाली जमीन जाते, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात बैल आणि माणूस दोघे दमतात.

कागदावर हा वेडेपणा दिसतो. बांधावर उभं राहिलं की तो दोन भावांमधला न्याय असतो. शिवाय एका शिवारात रोग पडला किंवा पावसाने दगा दिला, तरी दुसरीकडचं थोडंफार हाती लागतं. माणसं अशी का वागतात, हे विचारण्याआधीच ‘अडाणी आहेत’ म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. सामाजिक संशोधनाचं निम्मं काम हा सोपा मार्ग बंद करण्याचं आहे, असं मला वाटतं.

(पडद्यावर: कोऱ्या कागदावर हाताने आखलेला तक्ता. एकेक आकडा भरला जातो.)

आता या पाहणीतला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता. गावातल्या १०३ कुटुंबांचे तीन गट केले गेले. मोजमाप गावकऱ्यांच्याच राहणीचं ठेवलं. साहेबाच्या राहणीचं नाही, पुण्यातल्या पांढरपेशाच्या राहणीचंही नाही. त्या मापाने नुसत्या शेतीवर ज्यांचं भागतं, अशी कुटुंबं ८. शेतीला बाहेरच्या कामाची जोड मिळाली म्हणून ज्यांचं भागतं, ती २८. आणि काहीही करून ज्यांचं भागत नाही, ती ६७. म्हणजे शंभरातली पासष्ट.

हे गाव पुण्या-खडकीच्या जवळचं, रोजगार हाताशी असलेलं. दुष्काळी रानात काय असेल? म्हणून मॅन आणि कानिटकर यांनी शहरापासून दूरचं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव घेतलं. तो अभ्यास १९२१ साली निघाला. तिथे न भागणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं.

मग उपाय काय? सरकारी शेतकी खात्यात उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं. खात्याचे संचालक कीटिंग यांनी ‘किफायतशीर धारणा’ ही कल्पना मांडली होती: कुटुंबाला बऱ्यापैकी सुखाने जगवील इतकी जमीन. मॅन यांची व्याख्याही याच वळणाची, सरासरी कुटुंबाचं किमान राहणीमान भागवील इतकी जमीन. जमिनीचा आकार लहान, म्हणून गरिबी. मग तुकडे जोडा, जमीन मोठी करा, आणि ती पुन्हा फुटू नये म्हणून वारसांपैकी एकाच्याच हाती जाईल अशी कायद्याने सोय करा.

आणि इथे १९१८ साली एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने हाच तक्ता समोर ठेवून वेगळाच प्रश्न विचारला. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून परतलेले, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या सिडनम कॉलेजात प्राध्यापक झालेले डॉ. भीमराव आंबेडकर.

(पडद्यावर: नियतकालिकाचं पान. मजकुरावरून कॅमेरा हळूहळू सरकतो.)

भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय हा त्यांचा लेख जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटीमध्ये आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शेत किफायतशीर आहे की नाही, हे घरात खाणारी तोंडं मोजून ठरवायचं नसतं. शेती हा धंदा आहे. धंद्यात जमीन, मजुरी आणि भांडवल यांचं प्रमाण जमलं पाहिजे. ज्याच्याकडे एकच बैल आहे आणि दुसरा मागून आणावा लागतो, त्याला आणखी दहा एकर दिली तर त्याची अडचण वाढेल. हाताशी साधनं असतील तर लहान शेतही किफायतशीर, नसतील तर मोठंही तोट्याचं.

मग खरं दुखणं कुठलं? जमिनीवर माणसांचा भार फार झालाय. दुसरीकडे काम नाही म्हणून सगळे भाऊ त्याच तुकड्याला धरून बसलेत. रिकाम्या हातांना खाऊ घालावं लागतं आणि शिल्लक टाकली जात नाही. शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. कायद्याने एका वारसाला जमीन दिलीत तर बाकीचे भाऊ भूमिहीन होतील, भार मात्र हलणार नाही. उपाय शेताच्या बाहेर आहे, कारखानदारीत. जादा हात तिकडे गेले की जमिनीवरचा दाब आपोआप उतरेल.

मॅन यांनी मेहनतीने जमवलेली माहिती खोटी आहे, असं आंबेडकरांनी म्हटलेलं नाही. ते त्याच माहितीचा आधार घेतात. भांडण व्याख्येचं आहे. ‘किफायतशीर’ कशाला म्हणायचं? ही दोन पानी वाटणारी चर्चा पुढे लाखो कुटुंबांच्या दारापर्यंत जाणार होती. कारण धोरण लिहिणारा आधी व्याख्या उचलतो, आकडे मग त्या व्याख्येत बसवले जातात. माझ्या दृष्टीने मराठी मुलखातल्या सामाजिक संशोधनातला हा सगळ्यात मोलाचा वाद आहे, आणि तो शाळा-कॉलेजात जवळपास शिकवलाच जात नाही, याची मला खंत वाटते.

वाद कागदावर राहिला नाही. १९२७ साली मुंबई सरकारने लहान शेतजमिनींचं विधेयक कायदेमंडळात आणलं. तेव्हा आंबेडकर सभागृहात होते. त्यांनी विरोध केला. जमीन थोड्यांच्या हाती जाईल, बाकीचे शेतमजूर होतील, हे सांगितलं आणि मालकी न काढता सहकारी शेती करा, अशी सूचना केली. ते विधेयक मागे पडलं.

(पडद्यावर: तहसील कचेरीबाहेरची गर्दी, हातात उतारे.)

कल्पना मात्र मागे पडली नाही. १९४७ साली मुंबई प्रांताने कायदा केलाच. ज्याला आपण तुकडेबंदी कायदा म्हणतो, तो हाच. ठरावीक प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही, विकायचा नाही. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पाच गुंठे विकायचे होते, त्याची या कायद्याशी चांगलीच ओळख झाली. व्यवहार थांबले नाहीत, ते नोंदणीबाहेर गेले. शहरांच्या कडेला गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकणं, वाढली, घरं उभी राहिली आणि सातबाऱ्यावर नावच लागेना. २०२३ साली राज्याने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांवर आणलं. २०२५ साली नागरी हद्दीत बंदी शिथिल करण्याची घोषणा झाली.

आणि जमीन? कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. कायदा वहीत राहिला, बांध पडत गेले.

या आकड्यावरूनही लगेच निष्कर्ष काढू नये. कृषी गणना धारण क्षेत्र मोजते, कुटुंबाची चूल मोजत नाही. सव्वातीन एकरांत कोणाचं भागतंय आणि कोणाचं नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मॅन यांच्या माणसांनी केलं तेच करावं लागतं: घरात बसून विचारायचं.

तसं विचारणारी एक मोठी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली, ७७ वी फेरी. त्याच घरांत वर्षात दोनदा माणसं गेली, कारण खरीप आणि रब्बीचा हिशेब एका बैठकीत कोणाला आठवत नाही. शेती कुटुंब कोणाला म्हणायचं, हे आधी ठरवलं: वर्षाला ४,००० रुपयांहून अधिक किमतीचं शेती उत्पादन काढणारं आणि किमान एक माणूस स्वतःच्या शेतीत काम करणारं कुटुंब. नावावर जमीन असलीच पाहिजे, अशी अट नाही. ही अट नसल्यामुळे खंडाने किंवा अर्धेलीने शेत करणारा माणूस, जो सातबाऱ्यावर कधी दिसत नाही, तो मोजणीत येऊ शकतो. आत्महत्येनंतर मदत मिळवताना कागद नसलेल्या घरांची काय दैना होते, हे विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी पाहिलंय, त्यांना या एका अटीचं वजन सांगावं लागणार नाही.

उत्तर आलं ते असं. देशातल्या शेती कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात पिकातून आलेले ३,७९८. मजुरी आणि पगारातून आलेले ४,०६३.

शेती कुटुंबाच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. पिंपळे सौदागरच्या तक्त्यातली ती २८ कुटुंबं, बाहेरच्या कामाने तरलेली, आता देशाची सरासरी झाली आहेत. तरीही आपलं शेतीधोरण हमीभाव, कर्जमाफी आणि प्रमाणभूत क्षेत्र यांभोवतीच फिरतं. शेतकऱ्याच्या घरातला जो मुलगा चाकणला किंवा रांजणगावला ठेकेदाराकडे कामाला जातो, त्याला किती रोज मिळतो, पावसाळ्यात त्याचं काम सुटतं का, आणि तो घरी पाठवतो त्या पैशातून बियाणं येतं की जुनं कर्ज फिटतं, हे शेतीखात्याच्या कुठल्याच रकान्यात विचारलं जात नाही. तो रकाना पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत आला पाहिजे.