बेटीव्यवहाराचा पुरावा

[पडद्यावर: अमेरिकी लष्करी गणवेश, डोक्यावर पगडी, हातात बंदूक. छावणीतलं जुनं छायाचित्र.]

हा भगतसिंग थिंड. आपले शहीद भगतसिंग वेगळे, हे आधीच सांगतो. हा थिंड अमृतसरकडचा. १९१३ मध्ये अमेरिकेला आला, ऑरेगनमध्ये लाकडाच्या गिरणीत राबला आणि १९१८ मध्ये सैन्यात भरती झाला. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या छावणीत त्याला नागरिकत्व मिळालं. चार दिवसांत ते काढूनही घेतलं. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायालयानं पुन्हा दिलं, तेव्हा सरकार अपिलात गेलं.

अडचण एका जुन्या शब्दाची होती. १७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक होता येई ते फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. आशियातून आलेल्यांचं काय, हे कायद्यात नव्हतंच.

[पडद्यावर: सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती.]

नोव्हेंबर १९२२. ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ नागरिकत्वाचा खटला हरले. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी लिहिलं, की प्रश्न कातडीच्या रंगाचा नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, युरोपीय लोक ज्यात धरले जात त्या वंशगटातला. हे वाचून थिंडच्या बाजूला हुरूप आला असणार, कारण त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत.

आता थिंडच्या बाजूचा युक्तिवाद ऐका. मराठी माणसानं तो जरा कान देऊन ऐकावा. थिंड उच्चवर्णीय आहे, आर्य आहे. जातीबाहेर लग्न होत नाही, म्हणून रक्त शुद्ध राहिलं आहे. त्याही पुढे जाऊन, उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसाच पाहतो, जसा गोरा अमेरिकन काळ्याकडे. थोडक्यात, आम्हीही तुमच्यासारखेच भेदभाव करतो, तेव्हा आम्हाला आत घ्या! आणि हे कुणासाठी? ज्याच्या गुरूंनी जातिभेद झिडकारला, त्या शिखासाठी. निकालपत्रातही तो ‘उच्चवर्णीय हिंदू’ म्हणूनच नोंदला गेला.

[पडद्यावर: न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ.]

थिंड आला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, न्यूयॉर्कला आणखी एक तरुण उतरला होता: भीमराव आंबेडकर. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातल्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न, हीच जातिव्यवस्थेची किल्ली आहे, असं त्यांनी मांडलं. आंबेडकरांनी जो रोग म्हणून दाखवला, तोच सात वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गुणवत्तेचा दाखला म्हणून पुढे आला.

आणि तो दाखला चाललाही नाही. १९ फेब्रुवारी १९२३. एकमतानं निकाल, लेखणी पुन्हा सदरलंड यांची. जातीचे निर्बंध सरमिसळ रोखण्यात पूर्ण यशस्वी झालेले दिसत नाहीत, असं त्यांनी सुनावलं. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो, तोच गोरा. तीन महिन्यांपूर्वीची कसोटी तिथल्या तिथे मोडीत निघाली. स्वतः सदरलंड इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांना मात्र कुणी वंश विचारला नाही.

[पडद्यावर: सॅन फ्रान्सिस्को.]

निकालानंतर सरकारनं आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची कागदपत्रं उकरली. १९२१ मध्ये नागरिक झालेले व्यापारी वैष्णोदास बगई यांचं नागरिकत्व गेलं. भारतात जाऊन यायला त्यांना अमेरिकी पासपोर्टही नाकारला गेला. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. कॅलिफोर्नियातले वकील सखाराम गणेश पंडित मात्र स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. त्यांनी वंशाच्या वादाला फारसा हात घातला नाही. एकदा न्यायालयानं रीतसर दिलेला निर्णय सरकारला इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा टिकला.

थिंड तिथेच राहिला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याला नागरिकत्व मिळालं. तिसऱ्यांदा. बाकीच्या भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही नव्यानं येणाऱ्यांसाठी कोटा ठरला वर्षाला १०० जणांचा.