पाळी चुकण्याआधीची दाढदुखी

(दृश्य: दातांचा दवाखाना. टेबलावर केसपेपर, बाजूला पेन.)

केसपेपरवर एक प्रश्न असतो: गरोदर आहात का? बाळासाठी प्रयत्न करणारी बाई तिथे बहुतेकदा 'नाही' लिहिते. पण गर्भ राहिल्यापासून पाळी चुकेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात आणि त्यातल्या बऱ्याच दिवसांत घरची चाचणीही काही दाखवत नाही. म्हणून हो-नाहीवर न थांबता डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, आणि आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. कोणतं औषध चालेल आणि कोणतं टाळायचं, हे त्यावरून ठरतं.

(दृश्य: एक्स-रेचं छोटं यंत्र.)

दाढ ठणकायला लागली की भीती वाटते ती एक्स-रेची आणि भुलेच्या इंजेक्शनची. एका दाताच्या छोट्या एक्स-रेचा डोस एखाद्या दिवसात निसर्गातून आपल्याला मिळणाऱ्या किरणोत्साराएवढा असतो, आणि झोत जबड्यावर असतो, पोटावर नाही. गर्भाला अपाय होण्याची चिंता साधारण ५० मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे किरणांच्या डोसचं माप) पुढे सुरू होते. इथे गर्भाशयापर्यंत ०.०१ मिलिग्रेही पोहोचत नाही. नुसत्या नियमित तपासणीचा एक्स-रे पुढे ढकलता येतो. दुखण्याचं मूळ शोधण्यासाठी तो लागत असेल, तर जरूर काढावा.

भुलेचंही तसंच. २ टक्के लिग्नोकेन हे भुलेचं औषध, त्यात १:८०,००० प्रमाणात ॲड्रेनॅलिन, हे गरोदरपणात वापरलं जातं. सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना, हे डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून पाहतात आणि मग औषध सावकाश सोडतात.

(दृश्य: मेडिकलच्या काउंटरवर गोळ्यांच्या स्ट्रिप्स.)

धोका आहे तो इथे, न विचारता घेतलेल्या गोळीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करतात, म्हणून दुखणं थांबतं. पण अंडाशयातून बीज बाहेर पडायलाही तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. त्या दिवसांत या गोळ्या सतत घेतल्या, तर बीज उशिरा सुटू शकतं किंवा सुटतच नाही. दिवस राहिल्यावरही त्या टाळायच्या. २० आठवड्यांनंतर तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. घरोघरी असलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्ट्रिपची मागची बाजू वाचा. या काळात नुसतं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, गरजेपुरतंच.

अँटिबायोटिकमध्ये अमॉक्सिसिलिन चालतं. त्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हिरड्यांसाठी कधी कधी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन मात्र नको. आणि मुळाशी पू साचला असेल, तर कोणतंही अँटिबायोटिक एकटं पुरत नाही. दात उघडून पूला वाट द्यावीच लागते.

(दृश्य: जबड्याचं मॉडेल, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ.)

खरं तर ही सगळी कामं प्रयत्न सुरू करण्याआधी उरकावीत. दात साफ करून घ्या, कीड भरून घ्या, वारंवार सुजणारी अर्धवट अक्कलदाढ काढून टाका. किडलेल्या दातात नवी चांदी, म्हणजे धातूंचं मिश्रण, भरू नये. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२० मध्ये गरोदर आणि बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रियांसाठी हाच सल्ला दिला, कारण त्या मिश्रणात पारा असतो. जुनी चांदी घट्ट असेल तर उगाच उकरू नका, उकरताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

हिरड्यांचा आजार आणि वेळेआधीची प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत गरोदरपणात हिरड्या साफ केल्याने अकाली प्रसूती कमी झाली नाही. उपचार सुरक्षित ठरले, हिरड्या सुधारल्या, एवढं नक्की. म्हणूनच आधीची वेळ महत्त्वाची.

(दृश्य: बेसिन, पेला, खाण्याचा सोडा.)

दिवस राहिल्यावर उलट्या सुरू होतात. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं आवरण मऊ पडतं. लगेच ब्रश फिरवला की ते घासून निघतं. पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरा, थुंका, आणि निदान अर्धा तास थांबून मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. पेस्टच्या वासानेच उमासे येत असतील, तर वेळ बदला, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका. रक्त येतं ते हार्मोन्समुळे हिरड्या साचलेल्या कीटणाला जास्त चिडतात म्हणून. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, ही समजूत खोटी आहे.

मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बायका सकाळी मिश्री लावतात, दातदुखीवर तर हमखास. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि तिथून वारेतून बाळापर्यंत जातं. ती प्रयत्न सुरू करण्याआधीच सोडायची. सुटत नसेल तर आशाताईंना, डॉक्टरांना तसं सांगायचं. लाजायचं कारण नाही.

(दृश्य: सुजलेला गाल, थर्मामीटर.)

साधी कामं चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीची पडतात. पण गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळताना त्रास, यातलं काहीही दिसलं, तर कितवा महिना आहे ते न मोजता त्याच दिवशी रुग्णालयात जा. श्वास घेताना त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करा.