कुरतडलेल्या पानाची बाजू

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘घरच्या बागेसाठी स्थानिक झाडांची निवड’ असा जाहीर झाला आहे आणि ती निवड कशी करावी, हे मी शेवटी सांगणारच आहे. त्याआधी मात्र मला कुरतडलेल्या पानाची बाजू मांडू द्या. रोप घेताना आपण फुलाचा रंग विचारतो, वास विचारतो, बहर किती दिवस टिकतो हेही विचारतो; पण या झाडाचे पान कोण खाते, असे विचारताना मी आजवर कोणालाही ऐकलेले नाही. स्थानिक झाडाची निवड नेमक्या याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

काही वर्षांपूर्वी मी खास फुलपाखरांसाठी म्हणून बाग लावली. टणटणीचे शोभेचे वाण, झेंडू, सदाफुली, गुलबक्षी अशी वर्षभर फुलणारी झाडे निवडली. फुलपाखरे येत, मकरंद पीत आणि निघून जात. त्याच सुमारास कुंपणाच्या भिंतीच्या फटीत रुईचे एक रोप आपोआप उगवले आणि बघता बघता कमरेएवढे वाढले. एके दिवशी पाहतो तर त्याची निम्मी पाने नाहीशी झालेली आणि उरलेल्या पानांवर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या दहा-बारा अळ्या. हा उपद्रव बाकीच्या झाडांवर पसरेल, या भीतीने मी त्याच संध्याकाळी कीटकनाशक फवारले. दुसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या खाली मरून पडल्या होत्या. शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत असत. मी त्यांना मोठ्या समाधानाने ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही फुलपाखरांसाठी बाग लावलीत ना? मग ती त्यांचीच पिल्ले होती.”

ते वाक्य आजही माझ्या मनातून गेलेले नाही. पुढच्या वर्षी रुईला पुन्हा पालवी फुटली, तेव्हा मी फवारणीचा पंप घराबाहेर काढला आणि रोज सकाळी त्या झुडपापाशी जाऊन बसू लागलो. बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची मादी पानावर एकेक सुटे अंडे घालते. अंड्यातून बाहेर आलेली अळी पहिल्यांदा अंड्याचे कवचच खाते. रुईचा चीक विषारी असतो (तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा घरात लहान मुले असतील तर हे झाड जपूनच लावावे). म्हणून अळी पानाची शीर आधी कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. एवढे करूनही जे विष पोटात जाते, ते ती साठवून ठेवते आणि तेच पुढे फुलपाखराच्या अंगात उतरते. त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे संरक्षण इतके परिणामकारक आहे, की अंगात मुळीच विष नसलेल्या दुसऱ्या एका जातीच्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि त्या साम्यावर आपला जीव वाचवते. हे सारे भिंतीच्या फटीतल्या एका झुडपावर घडत होते आणि माझी विकत आणलेली रंगीत बाग शेजारी नुसती फुलून उभी होती.

असे का व्हावे? मकरंद हे बहुधा कोणालाही चालणारे अन्न आहे, पान मात्र तसे नाही. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानात चीक, कडू द्रव्ये, टॅनिन अशी रसायने साठवते. ती पचवण्याची क्षमता कीटकांच्या अंगी हजारो पिढ्यांच्या सहवासातून येते. म्हणूनच पाने खाणाऱ्या बहुसंख्य अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात. ‘कीड न लागणारे झाड’ ही रोपवाटिकेतील सर्वांत लोकप्रिय शिफारस आहे आणि माझी तक्रार आहे ती याच शिफारशीविषयी. जे पान कोणीच खात नाही, ते झाड आसपासच्या जीवांच्या दृष्टीने जवळजवळ पुतळ्यासारखे असते. अमेरिकेतील चिकडी हा चिमणीहून लहान पक्षी एका विणीची पिल्ले उडती होईपर्यंत त्यांना सुमारे 6,000 ते 9,000 अळ्या भरवतो. वॉशिंग्टन परिसरातील घरबागांमध्ये झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की बागेतील झाडाझुडपांत स्थानिकांचा वाटा 70 टक्क्यांच्या खाली गेला, तर या पक्ष्याची संख्या टिकून राहत नाही. पक्ष्यांसाठी आपण दाण्याची थाळी टांगतो. पिल्लांना मात्र दाणे नव्हे, अळ्या लागतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे फसवे आमंत्रण. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ‘रिचमंड बर्डविंग’ नावाचे मोठे देखणे फुलपाखरू आहे. तेथील बागांत ब्राझीलकडची एक शोभिवंत वेल लावली गेली, जी त्याच्या मूळ वेलीच्याच कुळातली आहे. मादी वास ओळखून तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या ते पान खाऊन मरतात. पुढे तेथील लोकांनी मूळ वेल घरोघरी लावण्याची मोहीमच हाती घेतली. ही गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, कारण नुसत्या साम्यावर भागत नाही, हे याहून स्पष्टपणे मला दुसऱ्या कशातून सांगता आलेले नाही.

नावांच्या बाबतीतही आपली अशीच फसगत होते. गुलमोहर आणि सदाफुली ही दोन्ही मादागास्करची. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू मेक्सिकोचा. सोनचाफा आशियातला, परंतु ज्याला आपण खुरचाफा म्हणतो, तो अमेरिका खंडातून आलेला आहे आणि दोघांचे कूळही वेगळे आहे. मराठी नाव मिळाले म्हणजे झाड इथले झाले, असे नव्हे. तसेच ‘देशी’ हा शब्दही पुरेसा नाही. देवदारही भारतीय आणि खारफुटीही भारतीय. म्हणून हिमालयातील वृक्ष समुद्रकिनाऱ्यावर स्थानिक ठरत नाही. स्थानिकपणा ठरतो तो पाऊस, माती, उंची आणि तिथली जुनी वनराई यांवरून.

एक आक्षेप मात्र मला मान्य करायलाच हवा. परदेशी झाड म्हणजे शत्रू, अशी माझी भूमिका नाही. मादागास्करच्या पानफुटीवर आपल्याकडच्या एका लहानशा फुलपाखराच्या अळ्या आनंदाने वाढतात. इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या साध्या घरबागेत 30 वर्षे नोंदी ठेवून 2,673 जातींचे सजीव मोजले आणि त्या बागेत परदेशी फुलझाडेही पुष्कळ होती. अंगणातला जुना गुलमोहर कोणी तोडावा, असे मी कधीच म्हणणार नाही. पण बागेबाहेर पसरणारी झाडे ही निराळी गोष्ट आहे. टणटणी 1809 च्या सुमारास शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आज तिने देशभरातील जंगलांचा मोठा भाग व्यापला आहे. माझ्या बागेत तीच होती. पुढे मी ती मुळासकट काढली.

संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा निवडीचा भाग आता भरभर सांगतो. पहिल्यांदा आपल्या परिसरातील जुने, न नांगरलेले माळ, ओढ्याचे काठ आणि टेकड्या वर्षभर पाहून घ्याव्यात. तिथे पाण्यावाचून जे तग धरते, तेच आपल्या बागेचे उमेदवार. मग आपल्या जागेचे ऊन, सावली आणि पाण्याचा निचरा यांच्याशी त्यांचा मेळ घालावा. जागा असेल तर एखादा वृक्ष अवश्य लावावा, कारण एका वृक्षावर जेवढे पान असते, तेवढे दहा कुंड्यांत मावत नाही; जागा नसेल तर हरणदोडीसारखी वेल मोठ्या कुंडीतही वाढते आणि तिच्यावरही कडव्यांच्याच गटातील निळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू अंडी घालते. दुहेरी पाकळ्यांचे वाण टाळावेत, कारण त्यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मधमाशीच्या हाती फारसे काही लागत नाही. जंगलातून रोपे उपटून आणू नयेत. बी मात्र जवळपासच्याच झाडांचे घ्यावे. पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या रोपालाही पहिला उन्हाळा पाणी द्यावेच लागते, कारण त्याची मुळे अजून वरच असतात. पानाला भोक दिसले, तर फवारणीपूर्वी पान उलटून पाहावे. सगळी बाग एकदम बदलण्याची गरज नाही. जे रोप मरेल, त्याच्या जागी स्थानिक लावावे.

मागच्या टेबलावर बियांची पाकिटे ठेवली आहेत आणि बी कोठून, कोणत्या महिन्यात गोळा केले, ते प्रत्येकावर लिहिले आहे. आपापल्या परिसराशी जुळणारेच पाकीट न्यावे. बहाव्याच्या बियांचे कवच फार कठीण असते. त्या पॉलिश कागदावर थोड्या घासून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि मगच पेराव्यात.