टाय, कात्री आणि आर ई १

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे जर्मनीतली एक रेल्वेगाडी. तिचं नाव आर ई १, म्हणजे रीजनल एक्सप्रेस क्रमांक एक. या क्रमांकाच्या गाड्या जर्मनीत आणखीही आहेत, बर्लिनकडे एक धावते, तिचा इथे संबंध नाही. मी बोलतेय ती पश्चिमेकडची, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातली. बेल्जियमच्या सीमेला टेकलेल्या आखेनहून ती निघते आणि कोलोन, ड्युसेलडॉर्फ, ड्युसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड करत हामला पोचते. नावं कानाला नवी आहेत, म्हणून पुन्हा सांगते. आखेन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ, ड्युसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, हाम. मध्ये ड्युरेन, लेव्हरकुझेन, म्युलहाइम अशी छोटी-मोठी स्टेशनं आहेतच. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन तास लागतात, आणि गाडी तासाला एक.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची नात आखेनच्या तंत्र विद्यापीठात शिकत असेल, तर हे नाव फोनवर ऐकलं असेल. ‘आई, मी आर ई वनमध्ये आहे, नंतर बोलते,’ असं.

ही काही फार वेगवान गाडी नाही. ताशी १६० किलोमीटर ही तिची कमाल मर्यादा, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी कुठेतरी थांबणार. घाईचा माणूस आय सी ईने, म्हणजे तिथल्या वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीने जातो आणि तेवढे पैसे मोजतो. आर ई १ ही रोजच्या माणसांची गाडी. राहायला ड्युरेन, नोकरी कोलोनला. कॉलेज बोखुमला, मैत्रीण एसेनची. शनिवारी डॉर्टमुंडला फुटबॉलचा सामना असला, की पिवळे-काळे मफलर घातलेली गर्दी दारापर्यंत. आपल्याकडे डेक्कन क्वीनच्या पासवाल्यांचं जे जग आहे ना, तसंच हे. फक्त इथे शहरं दोन नाहीत, चांगली आठ-दहा आहेत.

रूळ जुने आहेत. आखेन-कोलोन मार्ग १८४१ सालचा. कोलोनच्या बाजूनं ड्युसबुर्गकडे आणि पुढे हामवरून मिंडेनला जाणारा मार्ग १८४७ मध्ये पूर्ण झाला. ऱ्हाइनच्या या खोऱ्यात, रूरच्या काठाला कोळसा निघाला, पोलाद आलं, गावं फुगत फुगत एकमेकांना चिकटली. कोळसा आता संपला. त्या देशातली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. माणसं आहेत, त्यांची ये-जा आहे.

मालकीचा प्रकार मोठा गमतीचा आहे, तो थोडक्यात सांगते. १९९६ पासून तिथे स्थानिक गाड्या कुणी, किती, कुठे चालवायच्या हे राज्यं आणि त्यांच्या वाहतूक संस्था ठरवतात, निविदा काढतात. आर ई १ ही आता ऱ्हाइन-रूर एक्सप्रेस नावाच्या मोठ्या योजनेत आहे. डबे सीमेन्सनं बनवले, मालकी वाहतूक संस्थांची, देखभाल पुन्हा सीमेन्सकडे, डॉर्टमुंडच्या कारखान्यात. रूळ जर्मन रेल्वेचे. आणि गाडी चालवणार तिसराच. २०२० च्या जूनपर्यंत जर्मन रेल्वे चालवायची. मग आबेलिओ नावाची कंपनी आली, ती डच रेल्वेची. ती आर्थिक अडचणीत आली. १ फेब्रुवारी २०२२ पासून नॅशनल एक्सप्रेस, ही मूळची ब्रिटिश. कंपन्या बदलल्या तरी आखेनच्या फलाटावर उभ्या असलेल्या बाईला आर ई १ ती आर ई १च.

एक गाडी म्हणजे चार डबे. टोकाचे दोन साधे, मधले दोन दुमजली. अशा दोन गाड्या जोडतात, की बसायला आठशे जागा होतात. पण लक्षात ठेवा, जोडलेल्या दोन गाड्यांमधून आतल्या आत जाता येत नाही. तुम्ही पुढच्या गाडीत आणि सामान मागच्या गाडीत, असं झालं तर पुढच्या स्टेशनावर उतरून धावायचं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, सांगलीचे. बँकेत शाखाधिकारी होते. जन्मभर टाय. माझी भाची आखेनला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि एक दिवस घरी कळवलं की मुलगा पसंत केलाय. मुलगा जर्मन, आई-वडील ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागात राहणारे. भावोजी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, ‘तिकीट काढा. घर बघून येऊ.’

गेले. फेब्रुवारीचा महिना. व्याह्यांकडे जायचा दिवस ठरला गुरुवार. सकाळी भावोजी सूट घालून तयार, गळ्यात रेशमी मरून टाय. तो टाय निवृत्तीच्या दिवशी शाखेतल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेला, कपाटात वेगळ्या खोक्यात ठेवलेला. भाची म्हणाली, ‘बाबा, आज टाय नको.’ भावोजी म्हणाले, ‘मुलीचा बाप पहिल्यांदा व्याह्यांच्या दारात उभा राहणार, आणि टाय नको?’ ती म्हणाली, ‘अहो बाबा, ऐका तरी, आज गुरुवार आहे.’ ते म्हणाले, ‘मग उपास कर.’ विषय संपला.

(इथे जरा आडवळणाला जाते. टाय या वस्तूबद्दल माझं मत वाईट आहे. थंड मुलखात गळा झाकायला ठीक. पण आमच्याकडे विदर्भात मार्चच्या उन्हात पहिलीतली पोरं इलॅस्टिकचा टाय लावून शाळेत जातात. तो टाय दुपारपर्यंत शेंबूड पुसायच्या कामी येतो. कुठल्या शहाण्यानं हे सुरू केलं कोण जाणे. असो.)

तर आखेनला आर ई १ मध्ये बसले. गाडी बरीच रिकामी. ताईनं डब्यातल्या पुऱ्या काढल्या. ड्युरेन आलं आणि दार उघडल्याबरोबर आत शिरली एक मधमाशी. पिवळे-काळे पट्टे, पाठीला पंख, डोक्यावर दोन शिंगुट्या. तिच्यामागे तीन जोगिणी, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या, पण त्यातल्या दोघींना दाढी. मग चाचे, मग एक केळं. भावोजींनी चष्मा पुसला. होरेमला तर डबा गच्च भरला, सगळे गातायत, हातात बाटल्या, सकाळचे नऊ-साडेनऊ झालेले. भावोजी ताईच्या कानात म्हणाले, ‘ही माणसं कामावर केव्हा जातात?’

तो गुरुवार कार्निव्हलचा होता, म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या आधी सोंगं घेऊन नाचा-गायचा सण. ऱ्हाइनकाठी राखेच्या बुधवाराच्या, म्हणजे तो उपास सुरू होतो त्या दिवसाच्या, आधीचा गुरुवार हा बायकांचा दिवस. बॉनजवळच्या बॉयेल गावात १८२४ मध्ये परटिणींनी आपलं मंडळ काढलं, पुरुषांच्या कार्निव्हलात आम्हालाही जागा हवी म्हणून, तिथून या दिवसाची परंपरा सांगतात. त्या दिवशी राज्य बायकांचं. कोलोनला अकरा वाजून अकरा मिनिटांनी रस्त्यावरचा उत्सव सुरू होतो. आणि त्या दिवशी बायका हातात कात्री घेऊन फिरतात. दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. बदल्यात गालावर एक पापी देतात. कुणी रागवायचं नाही. ऐकताय ना? टाय कापतात, आणि पापी देतात.

होरेम सुटलं आणि समोरून पाच-सहा जणी आल्या. साठीच्या पुढच्या, लाल-पांढरे पट्ट्यांचे सदरे, कोलोनचा तोच रंग. एकीच्या गळ्यात फितीला बांधलेली स्वयंपाकघरातली कात्री. त्या बाईनं भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी मान तुकवून नमस्कार केला, शाखेत ठेवीदाराला करावा तसा. मान तुकवल्यानं टाय छान पुढे आला. कच्च! निवृत्तीचा मरून टाय, छातीपाशी तुटला. काय झालं हे कळायच्या आत उजव्या गालावर पापी. सगळा डबा टाळ्या वाजवतोय. भावोजींचा हात आधी पाकिटावर गेला, त्यांना वाटलं लूटमार आहे. पाकीट जागेवर. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईच्या तोंडात पुरी होती आणि ती इतकी हसत होती की भाचीला तिची पाठ थोपटावी लागली. छत्तीस वर्षांच्या संसारात, ताई सांगते, त्यांना असं गप्प झालेलं मी पाहिलं नव्हतं.

कोलोन आलं. केळं, मधमाशी, दाढीवाल्या जोगिणी, सगळे उतरले. बाजूलाच ते काळंभोर कॅथेड्रल, १५७ मीटर उंच. पण भावोजींनी मान वर केली नाही, ते खाली टायच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होते. गाडी होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाइन ओलांडायला लागली तेव्हा पहिलं वाक्य बोलले, ‘आता त्यांच्या दारात या अवस्थेत उभा राहू?’ भाची म्हणाली, ‘काढून टाका ना.’ तेही पटेना. काढला तर गळा रिकामा.

बेनराथला उतरले. व्याह्यांनी दार उघडलं. उंच, टक्कल, गळ्यात जुनाट हिरवा टाय, तो खास कापून घेण्यासाठी घातलेला. त्यांनी भावोजींच्या छातीकडे पाहिलं आणि चेहरा पडला. भावोजींच्या पोटात गोळा. व्याही काहीतरी जर्मनमध्ये बोलले, भाची हसायला लागली. भावोजी म्हणाले, ‘काय म्हणतात?’ भाची म्हणाली, ‘बाबा, ते विचारतायत, कोलोनच्या आधी कापला की कोलोननंतर?’

कारण कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकाची बिअर फिकी, दुसऱ्याची गडद, आणि एकमेकांची बिअर मागणं म्हणजे गुन्हा. कार्निव्हलात कोलोनवाले ‘अलाफ’ ओरडतात, ड्युसेलडॉर्फवाले ‘हेलाऊ’. चुकून उलटं ओरडलात तर लोक वळून बघतात. भांडणाचं मूळ थेट १२८८ सालच्या वोरिंगेनच्या लढाईपर्यंत नेलं जातं. गंमत अशी, की त्या लढाईत कोलोनचे नागरिक आणि ड्युसेलडॉर्फचे धनी एकाच बाजूला लढले होते, कोलोनच्या आर्चबिशपविरुद्ध. पण भांडायचंच म्हटल्यावर इतिहास कोण वाचतो?

तर व्याह्यांना दुःख टायचं नव्हतं. आपल्या पाहुण्याचा टाय कोलोनच्या बायकांनी आधी कापला, याचं होतं. एवढ्यात विहीणबाई आतून आल्या, हातात कात्री. भाचीनं सगळं सांगितलं. त्या पुढे झाल्या, भावोजींच्या उरलेल्या टायचा आणखी दोन बोटं तुकडा कापला, दुसऱ्या गालावर पापी दिली आणि मगच ‘या, बसा’ म्हणाल्या. तो तुकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर टाचणीनं लावला. अजून आहे म्हणे. म्हणजे टायचं टोक कोलोनच्या कुणा आजीकडे, मधला तुकडा बेनराथला, आणि गाठ सांगलीला, त्याच खोक्यात. त्या दिवशी भावोजींनी गडद बिअर चाखली. कडू आहे म्हणाले. दुसरा पेला मागितला असं भाची सांगते, भावोजी नाही म्हणतात.

वेळ थोडा उरलाय. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात असा आपला समज आहे, तो जरा सैल करा. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. कोलोन ते डॉर्टमुंड या पट्ट्यात रूळ इतके गजबजलेले, की एक गाडी अडली की मागची रांग अडते. दर पंधरा मिनिटांनी ऱ्हाइन-रूर एक्सप्रेस सोडायची योजना आहे, त्यासाठी जादा रूळ टाकायचंय, ते काम अजून पुरं व्हायचंय. गाडीत खायला काही मिळत नाही, फेरीवाला नाही, हे मला पटत नाही. तेव्हा पुऱ्या न्या.

आता तिकीट. मुलांकडे महिनाभर राहायला जाणार असाल, तर डॉइशलांड तिकीट घ्या. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो. महिनाभर देशातल्या सगळ्या रीजनल गाड्या, ट्रॅम, शहरातल्या बस त्यावर चालतात. आर ई १ चालते. आय सी ई चालत नाही. पुन्हा सांगते, आय सी ई चालत नाही. तिकीट प्रत्येकाचं वेगळं, नवऱ्याच्या तिकिटावर बायकोला जाता येत नाही. आणि हे तिकीट म्हणजे दरमहा आपोआप चालू राहणारी वर्गणी आहे. बंद करायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. ११ तारखेला आठवलं, तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले. तेव्हा तिकीट घ्याल त्याच दिवशी मुलाला सांगून ठेवा, बंद करायची तारीख त्याच्या फोनमध्ये टाक म्हणावं.

नमस्कार.