बापूरावांची ३४ वर्षे

श्रोतेहो, नमस्कार. अल्पायुषी माणसांचा विषय निघाला की नाशिककरांच्या ओठांवर प्रथम हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव येते, आणि ते यावेच. परंतु आज मी बोलणार आहे ते गायक दत्तात्रेय विष्णू पलुसकर, अर्थात बापूराव, यांच्याविषयी. २८ मे १९२१ रोजी जन्मलेले बापूराव ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने गेले. अवघी ३४ वर्षे, श्रोतेहो, अवघी ३४ वर्षे!

त्यांचे वडील पंडित विष्णू दिगंबर यांनी नाशकात रामनाम आधार आश्रम काढला होता. १९३१ मध्ये ते निवर्तले तेव्हा बापूराव १० वर्षांचे होते; पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली.

आता माझ्या वडिलांची आवडती आठवण सांगतो. ‘बैजू बावरा’ हा १९५२ चा चित्रपट नाशकात लागला, तेव्हा आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आयुष्यात प्रथमच सिनेमाला निघाले, कारण विष्णुबुवांच्या आश्रमात रामधून म्हणण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती आणि बुवांचा मुलगा त्यात गायला आहे, असे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. पडद्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. उपरणे सावरून, डोळे मिटून ते बसून राहिले. अखेर अकबराच्या दरबारातील जुगलबंदी सुरू झाली. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गात होते, बैजूसाठी बापूराव, राग देसी. बैजूच्या गाण्याने पाषाण विरघळला, प्रेक्षागृहात टाळ्या कडाडल्या, आणि या शेजारच्या आजोबांनी सोबत बसलेल्या माझ्या वडिलांच्या कानाशी लागून विचारले, “टाळ्या कशाला रे?” वडील म्हणाले, “आजोबा, दगड वितळला.” त्यावर आजोबा उठून उभे राहिले. “दगडाचं राहू दे. बापूचा सूर लागला, माझं काम झालं,” असे म्हणून ते चित्रपट संपण्याआधीच घरी गेले.

तो सूर स्वच्छ होता, ओरडा नव्हता. हल्ली भजन म्हटले की कर्ण्याची पट्टी आधी चढते, गायकाची नंतर. बापूरावांना त्याची गरज कधी पडली नाही. ३४ वर्षांच्या आयुष्यातले त्यांचे पुष्कळसे गाणे जेमतेम ३-३ मिनिटांच्या तबकड्यांत उरले आहे. त्यांतलीच एक, ‘ठुमक चलत रामचंद्र’, आता आपण ऐकू या.